आयव्हीएफच्या प्रत्येक टप्प्यावर काय घडते : निफाडच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

निफाड तालुक्यातील एका ३२ वर्षांच्या ताईंनी विचारले आहे की लग्नाला सात वर्षे झाली, दोन्ही गर्भनलिका बंद असल्याचे तपासणीत निघाले, यजमानांचा वीर्य तपासणीचा अहवाल व्यवस्थित आहे आणि नाशिकच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ, म्हणजे स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्राणूशी जुळवायचे आणि तयार झालेला गर्भ पिशवीत सोडायचा हा उपचार, सुचविले आहे. घरी द्राक्षबाग आहे, सासूबाई "किती दिवस झोपून राहावं लागेल" असे विचारतात, आणि ताईंना स्वतःला कोणत्या टप्प्यावर काय होते, किती दुखते आणि कुठे काय बिघडू शकते, हे उपचार सुरू होण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे. गेली बावीस वर्षे मी नाशिकमध्ये वंध्यत्वाचे उपचार करते आहे. हाच प्रश्न माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक जोडप्यांच्या मनात असतो, पण फार थोडी जोडपी तो उघडपणे विचारतात. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण ती कळली नाही तर पुढचा प्रत्येक टप्पा आघातासारखा वाटतो. या उपचारात पायरीगणिक आकडा कमी होत जातो. सोनोग्राफीत जितकी फॉलिकल, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या द्रवाच्या पिशव्या, दिसतात तितकी स्त्रीबीजे हाती लागत नाहीत, जितकी बीजे मिळतात तितकी सगळी पक्व नसतात, पक्व बीजांपैकी सगळी फळत नाहीत, आणि फळलेल्यांपैकी सगळी पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. बागाईतदाराच्या घरात मोहोराला लागलेला प्रत्येक मणी काढणीपर्यंत येत नाही हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. फुलगळ होते, मणीगळ होते, आणि तरीही बाग चांगली म्हणतात. नैसर्गिक गर्भधारणेतही ही गळती होतच असते. तिथे ती कोणाला दिसत नाही, इथे ती रोज फोनवर कळते, एवढाच फरक.

उपचाराचा खरा आरंभ इंजेक्शनांनी होत नाही, तपासण्यांनी होतो, आणि माझ्या मते याच टप्प्यावर सर्वांत कमी वेळ दिला जातो. बीजकोषांत बीजांचा साठा किती आहे, याचा अंदाज एएमएच ही रक्ततपासणी आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी यांवरून येतो. एएमएच कमी आले म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ काढून अनेक जणी रडत येतात. हा आकडा बीजे किती मिळतील याविषयी सांगतो, त्या बीजांच्या प्रतीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. प्रत मुख्यतः वयावर ठरते. याशिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन, रुबेला, तसेच दोघांच्याही एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात. नाशिक जिल्ह्यात मी सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणीही आवर्जून करून घेते, विशेषतः सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत नातीगोती असलेल्या कुटुंबांत, कारण दोघेही वाहक निघाले तर पुढची आखणीच वेगळी करावी लागते.

ताई, तुमच्या बाबतीत नलिका बंद आहेत एवढे पुरेसे नाही, त्या का बंद आहेत हे पाहावे लागते. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्याचे एक मोठे कारण आहे आणि तो अनेकदा खोकला, ताप असे कोणतेही लक्षण न दाखवता नलिका आणि गर्भपिशवीचे अस्तर खराब करून जातो. तशी शंका असेल तर अस्तराचा नमुना तपासावा लागतो, आणि क्षयरोग ठरला तर आधी त्याची औषधे पूर्ण करावी लागतात. दुसरी बाब म्हणजे बंद नलिकेत पाणी साठून ती फुगलेली आहे का. तसे असेल तर ते पाणी गर्भपिशवीत उतरत राहते आणि यशाची शक्यता निम्म्याच्या आसपास खाली आणते. अशा वेळी आधी दुर्बिणीतून ती नलिका काढून टाकणे किंवा पिशवीजवळ बंद करणे हिताचे असते. "आयव्हीएफ करायचेच आहे, मग नलिकेचे ऑपरेशन कशाला?" हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण हे ऑपरेशन गर्भाला रुजायला जागा स्वच्छ मिळावी यासाठी असते, नलिका उघडण्यासाठी नाही.

यजमानांचा अहवाल चांगला आहे हे उत्तम. तरी तो जुना असेल तर पुन्हा करावा, आणि नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवसांचे अंतर ठेवावे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आज तंबाखू सोडली तर तिचा फायदा तीन महिन्यांनी दिसतो. बागेत फवारणी करताना मास्क, हातमोजे वापरणे हेदेखील या उपचाराचाच भाग समजावे. आणि ताई, स्त्रियांनाही एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, पण सासूबाई बाहेर गेल्यावर विचारते : मशेरी लावता का? मशेरी म्हणजे तंबाखूच. ती रक्तात तशीच उतरते आणि बीजांवर तसाच परिणाम करते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र उपचाराची तारीख ठरण्याची वाट न पाहता आजपासून सुरू करावी.

याच काळात कागदपत्रे होतात. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ नुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते, आणि केंद्राकडे या कायद्याखालील नोंदणी असावी लागते. या नोंदणीचे दोन स्तर आहेत आणि आयव्हीएफ करण्यासाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच करू नका. संमतिपत्रे घरी नेऊन वाचा, समजत नसतील तर मराठीत समजावून मागा. उरलेल्या गर्भांचे काय करायचे, हा प्रश्न त्या कागदांवर असतो आणि तो सही करण्याच्या घाईत सोडवण्यासारखा नाही. गर्भाचे लिंग निवडणे किंवा सांगणे हा गुन्हा आहे. तशी सूचक विचारणाही कोणत्या केंद्रात कोणी केली तर तिथून उठून यावे.

आता इंजेक्शनांचा टप्पा. दर महिन्याला बीजकोषांत अनेक बीजे वाढीला लागतात, पण शरीर त्यांतील एकालाच पुढे नेते आणि बाकीची सुकून जातात. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून दिली जाणारी एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शने त्या सुकून जाणाऱ्या बीजांना वाढवतात. म्हणूनच "इंजेक्शनांनी साठा लवकर संपेल, पाळी लवकर जाईल" ही भीती निराधार आहे. साधारण नऊ ते बारा दिवस ही इंजेक्शने पोटावर, बेंबीच्या बाजूला, त्वचेखाली घ्यायची असतात. सुई बारीक असते, इन्सुलिनच्या सुईसारखी, आणि दोन दिवसांनंतर बहुतेक जणी स्वतःच घेऊ लागतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून आणखी एक इंजेक्शन जोडले जाते, बीजे वेळेआधी फुटू नयेत म्हणून.

इंजेक्शने दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असतात, आणि इथे एक अनुभव सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका जोडप्याने फार काळजीने, "जास्त गार राहील" म्हणून, सगळी इंजेक्शने फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवली. ती गोठली आणि गोठलेले औषध निकामी होते. पाचव्या दिवशीच्या सोनोग्राफीत फॉलिकल जराही वाढलेली दिसेनात तेव्हा हे उघड झाले. त्या मुलीच्या चेहऱ्यावरची अपराधी भावना मला अजून आठवते, आणि दोष तिचा नव्हता, नीट समजावून न सांगणाऱ्या आम्हा सर्वांचा होता. तेव्हापासून आमच्याकडे परिचारिका फ्रिजच्या चित्रावर बोट ठेवून मधला कप्पा दाखवते. वस्तीवर वीज जात असेल तर बर्फाची पिशवी घातलेला थर्मास जवळ ठेवा, पण इंजेक्शन बर्फाला टेकू देऊ नका.

या दहा-बारा दिवसांत तीन-चार वेळा सोनोग्राफीसाठी यावे लागते, आणि ती योनीमार्गातून केली जाते. ती दुखत नाही, पण पहिल्या वेळी अवघडल्यासारखे वाटते. तसे वाटले तर बोलून दाखवा, स्त्री कर्मचारी सोबत असायलाच हवी. पिंपळगाव बसवंतचे एक बागाईतदार आपल्या पत्नीबरोबर पडद्यावर पाहत असताना म्हणाले होते, "मॅडम, आमच्या निर्यातीच्या मण्यासारखंच आहे हे. अठरा एमएम झालं की काढणी." योगायोग खरा आहे. आम्हीही फॉलिकल सतरा-अठरा मिलिमीटरची होण्याची वाट पाहतो. मात्र ते गृहस्थ रोज एकेका फॉलिकलचा आकडा वहीत लिहून पत्नीला दाखवू लागले आणि एखादे मागे राहिले की ती रात्रभर जागू लागली, तेव्हा मला वही बंद करायला सांगावे लागले. सगळी एका मापाची होत नाहीत आणि व्हावी लागतही नाहीत.

या काळात पोट फुगल्यासारखे, जड वाटते, स्तन दुखतात, चिडचिड होते, कधी विनाकारण रडू येते. हे संप्रेरकांमुळे होते, तुमच्या स्वभावामुळे नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. स्वयंपाक, शिवणकाम, ऑफिस, शिकवणे, सगळे चालू ठेवता येते. वाकून ओझी उचलणे, जोराचा व्यायाम आणि बागेतल्या रस्त्यांवरून दुचाकीचे हादरे मात्र शेवटच्या काही दिवसांत टाळावेत, कारण वाढलेल्या बीजकोषाला पीळ पडण्याची थोडी शक्यता असते.

बीजे तयार झाली की एक शेवटचे इंजेक्शन दिले जाते, ज्याला सगळे ट्रिगर म्हणतात. संपूर्ण उपचारात घड्याळाला सर्वांत जास्त महत्त्व असलेला क्षण तो हाच. या इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढायची असतात. लवकर काढली तर ती पक्व झालेली नसतात आणि उशीर झाला तर फुटून जातात. म्हणून कोणाला रात्री ९.४५ ची वेळ मिळते, कोणाला ११.१५ ची. दहा मिनिटे इकडे-तिकडे झाली तर बिघडत नाही, पण तास-दीड तास उशीर झाला तर तो लपवू नका, लगेच फोन करून सांगा, म्हणजे आम्ही शस्त्रक्रियेची वेळ तेवढी पुढे नेऊ. लपवलेला उशीर महागात पडतो, सांगितलेला उशीर सावरता येतो.

बीजे काढण्याच्या प्रक्रियेला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही पिकअप म्हणतात. आदल्या रात्रीपासून उपाशी राहावे लागते. नाशिकला सकाळी सातला पोहोचायचे तर निफाडहून पहाटे निघावे लागेल, त्यामुळे काही जण रात्री शहरात नातेवाइकांकडे मुक्काम करतात आणि ते सोयीचे ठरते. शिरेतून भूल दिली जाते, त्यामुळे प्रक्रिया जाणवत नाही. सोनोग्राफीच्या आधाराने योनीमार्गातून एक बारीक सुई बीजकोषापर्यंत नेऊन फॉलिकलमधील द्रव शोषून घेतला जातो. पोटावर छेद नसतो, टाके नसतात. पंधरा-वीस मिनिटांत काम होते आणि तीन-चार तासांनी घरी जाता येते. त्या दिवशी पाळीसारखे दुखते आणि किंचित रक्त जाते. ताप, वाढत जाणारे दुखणे किंवा जास्त रक्तस्राव झाला तर मात्र वाट न पाहता कळवावे. त्याच सकाळी यजमानांना नमुना द्यायचा असतो. अनेक पुरुषांना त्या दिवसाच्या ताणामुळे ते जमत नाही आणि त्याची लाज वाटून ते गप्प राहतात. ही अगदी नेहमीची अडचण आहे. अशी शंका असेल तर आधीच एक नमुना गोठवून ठेवता येतो.

पिकअपच्या आधी-नंतरच्या काळात ज्या गुंतागुंतीकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहते ती म्हणजे बीजकोषांचा अतिप्रतिसाद, म्हणजे ओएचएसएस. पीसीओएस (बीजकोषांत अनेक लहान फॉलिकल साठण्याची व्याधी) असलेल्या, एएमएच जास्त असलेल्या, सडपातळ तरुण स्त्रियांत तो अधिक होतो. शरीरातील पाणी पोटात झिरपते, पोट ताणते, उलट्या होतात, लघवी कमी होते. एका दिवसात वजन एक किलोने वाढले, धाप लागू लागली किंवा लघवी अगदी थोडी होऊ लागली तर ते गॅसेसचे दुखणे समजून ओवा खाऊन झोपू नये, रात्री असली तरी फोन करावा. सुदैवाने आता ट्रिगरचे औषध बदलून आणि त्या फेरीत गर्भ पिशवीत न सोडता सगळे गोठवून हा धोका बराच कमी करता येतो. म्हणून डॉक्टरांनी "या महिन्यात ट्रान्सफर नको", म्हणजे गर्भ पिशवीत सोडणे नको, म्हटले तर तो निर्णय तुमच्या जिवाच्या काळजीपोटी असतो.

पुढचे पाच-सहा दिवस सर्व काम प्रयोगशाळेत चालते आणि जोडप्याच्या हाती फक्त फोनची वाट पाहणे उरते. बीज आणि शुक्राणू एकत्र आणण्याचे दोन मार्ग आहेत. आयव्हीएफमध्ये बशीत बीजाभोवती हजारो शुक्राणू सोडले जातात आणि त्यांतील एक आपसूक आत शिरतो. इक्सीमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एकच शुक्राणू निवडून काचेच्या सुईने बीजात सोडतात. शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल फारच कमी असेल तेव्हा इक्सीला पर्याय नसतो. पण तुमच्यासारखी अडचण केवळ नलिकांची असेल आणि वीर्य चांगले असेल तर साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीने मूल होण्याची शक्यता वाढत नाही. आज बहुतेक केंद्रांत सरसकट इक्सी केली जाते, म्हणून "आम्हाला ती कशासाठी?" असे विचारणे तुमचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी, सोळा ते अठरा तासांनी, भ्रूणतज्ज्ञ बीजात दोन केंद्रके दिसतात का ते पाहतात. एक आईचे, एक वडिलांचे. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दोनशे पेशींचा, मध्ये पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट तयार होतो. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान असते आणि ऑक्सिजन हवेपेक्षा कमी, साधारण पाच टक्के ठेवतात, गर्भनलिकेत असतो तसा. गळतीचा हिशेब इथेच समोर येतो. समजा बारा फॉलिकल होती. दहा बीजे मिळाली, त्यांतली आठ पक्व निघाली, सहा फळली आणि तीन ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचली, तर हे मी चांगले पीक समजते. पण "बाराचे तीनच राहिले" असे ऐकणाऱ्याला आपले काहीतरी चुकले असे वाटते. तुम्ही जिना चढलात, पपई खाल्ली किंवा रागावलात म्हणून गर्भ थांबत नाहीत. बहुतेक वेळा बीजातील किंवा शुक्राणूतील गुणसूत्रांची मांडणीच बिघडलेली असते आणि तो गर्भ कुठेही, पोटातही, पुढे वाढला नसता. कधी कधी एकही गर्भ पाचव्या दिवशी उरत नाही. असा फोन करणे हे माझ्या कामातील सर्वांत जड काम आहे आणि तो मी कधीही स्वागतिकेवर सोपवलेला नाही.

गर्भ गोठवणे म्हणजे प्रत घसरणे, असा समज आहे. आजच्या पद्धतीत गर्भ क्षणात गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि वितळवल्यावर शंभरातील नव्वदाहून अधिक गर्भ सुखरूप राहतात. इंजेक्शनांनी थकलेल्या शरीराला एक-दोन पाळ्या विश्रांती मिळते. कायद्याने गर्भ दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात, आणि त्याचे वार्षिक शुल्क किती, ते आधीच विचारून ठेवावे.

ट्रान्सफर हा टप्पा सर्वांना मोठा वाटतो आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत सोपा असतो. गोठवलेल्या गर्भाच्या फेरीत आधी साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी, किंवा पाळी नियमित असेल तर औषधाविना, पिशवीचे अस्तर वाढू देतात. ते सात-आठ मिलिमीटरच्या पुढे गेले की अस्तर गर्भासाठी तयार करणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू होते आणि पाच दिवसांनी ब्लास्टोसिस्ट पिशवीत सोडला जातो. त्या दिवशी उपाशी राहायचे नाही, उलट पाणी पिऊन लघवी रोखून यायचे, म्हणजे सोनोग्राफीत पिशवी स्पष्ट दिसते. भूल लागत नाही. मऊ नळी पिशवीच्या तोंडातून आत जाते, भ्रूणतज्ज्ञ नाव मोठ्याने विचारून खात्री करतात, आणि क्षणभरात पडद्यावर राखाडी पिशवीत एक पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका गर्भ नसतो, त्याच्याबरोबर गेलेला हवेचा बुडबुडा असतो, आणि गर्भ डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतोच. तरीही त्या ठिपक्याकडे पाहून यजमानांनी पत्नीचा हात घट्ट धरलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की तेवढ्यापुरती मीही काही बोलत नाही.

एक गर्भ सोडावा की दोन? "दोन सोडा, एकदाच जुळे झाले की सुटलो" ही विनंती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावी लागते. जुळ्यांत मुदतीआधी प्रसूती, कमी वजन, आईचा रक्तदाब या सगळ्यांची जोखीम बरीच वाढते आणि नवजात अतिदक्षता विभागाचा खर्च उपचाराच्या खर्चाला मागे टाकतो. तुमच्या वयात चांगला ब्लास्टोसिस्ट असेल तर मी एकच सोडते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. झोपून राहण्याची गरज नाही. ट्रान्सफरनंतर लगेच उठून लघवीला गेले तरी गर्भ पडत नाही. पिशवीच्या दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि गर्भ त्यांच्यामध्ये, पोळीच्या दोन पापुद्र्यांमध्ये तिळाचा दाणा अडकावा तसा, बसलेला असतो. सक्तीच्या विश्रांतीने यश वाढत नाही हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे, उलट पडून राहण्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका आणि मनातला घोर दोन्ही वाढतात. बस किंवा गाडीने निफाडला घरी जा, हलकी कामे करा. ओझी, बागेतली दमणूक आणि उपास तेवढे टाळा.

या काळात प्रोजेस्टेरॉनच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा कंबरेत घ्यायची तेलकट इंजेक्शने चालू असतात. इंजेक्शनची जागा गाठीसारखी टणक होते, कोमट पाण्याने शेकली तर आराम पडतो. एकही मात्रा स्वतःहून बंद करू नये, थोडे रक्त दिसले तरीही. रक्त दिसणे म्हणजे सगळे संपले असे नव्हे, आणि स्तन दुखणे म्हणजे गर्भ राहिला असेही नव्हे. प्रोजेस्टेरॉनमुळे गरोदरपणासारखीच लक्षणे येतात. घरी लघवीची पट्टी वापरू नका. ट्रिगरमधील एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वाढणारे संप्रेरक, शरीरात रेंगाळून ती खोटी आशा दाखवू शकते, आणि लवकर केली तर खोटी निराशा. ट्रान्सफरनंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी बीटा एचसीजीची रक्ततपासणी होते. ती सकारात्मक आली तर दोन दिवसांनी पुन्हा करतात, कारण एका आकड्यापेक्षा तो किती वाढला हे महत्त्वाचे असते. आकडा हळू वाढला तर गर्भ नलिकेत रुजल्याची शंका घ्यावी लागते. पिशवीत सोडलेला गर्भही क्वचित नलिकेत सरकतो, आणि नलिका खराब असलेल्या स्त्रियांत हे अधिक घडते. म्हणून ताई, तुमच्या बाबतीत सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफी चुकवून चालणार नाही. त्या वेळी गर्भ पिशवीत आहे का आणि ठोके आले का, हे दोन्ही कळते. प्रोजेस्टेरॉन साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत चालते आणि त्यानंतरचे गरोदरपण बहुतांशी इतर गरोदरपणांसारखेच असते.

यशाचे प्रमाण विचाराल तर तेही सांगते. पस्तिशीच्या आतील स्त्रीला स्वतःच्या बीजापासून चांगला गर्भ सोडल्यावर दर ट्रान्सफरला मूल हाती येण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक ते पाचात दोन इतकी असते. चाळिशीनंतर ती झपाट्याने उतरते. "हमखास यश" अशी पाटी दिसली तर त्या दारातून परत फिरावे. यश सांगताना कोणी गर्भधारणेचा आकडा सांगतो, कोणी जिवंत जन्माचा, तेव्हा कोणता ते विचारावे. खर्चाच्या बाबतीत एका फेरीला दीड ते अडीच लाख धरून चालावे, त्यात औषधे, गोठवणे आणि गोठवलेल्या गर्भाचे ट्रान्सफर समाविष्ट आहे का हे लेखी घ्यावे. अस्तर खरवडणे वगैरे जोड उपाय सुचविले गेले तर पुरावा विचारा. अस्तर खरवडण्याचा फायदा मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही.

चाचणी नकारात्मक आली तर औषधे थांबवल्यावर काही दिवसांत पाळी येते, नेहमीपेक्षा थोडी जास्त आणि जास्त दुखणारी. त्या आठवड्यात कोणताही निर्णय घेऊ नये. नंतर दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसावे आणि गळती कोणत्या पायरीवर झाली ते विचारावे : बीजे कमी मिळाली, फळली नाहीत, वाढली नाहीत, की रुजली नाहीत? प्रत्येकाचे उत्तर वेगळे आणि पुढचा मार्गही वेगळा. गोठवलेले गर्भ असतील तर इंजेक्शनांचा टप्पा पुन्हा करावा लागत नाही. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचा आहे, नवश्या गणपतीला नवस बोलायचा आहे, असे अनेक जण मला विचारतात. श्रद्धेने मनाला बळ मिळत असेल तर जरूर करावे, फक्त विधीचे दिवस आणि इंजेक्शनांचे दिवस एकमेकांवर येऊ नयेत एवढे आधी पाहावे. आणि घरात कोणी "हिच्यात दोष आहे" म्हणू लागले तर ते यजमानांनी तिथल्या तिथे थांबवावे. ते काम डॉक्टरांना करता येत नाही.

गोडी छाटणीच्या (द्राक्षे धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या) धामधुमीत उपचार घ्यावा की काढणीनंतर, असेही तुम्ही विचारले आहे. तुमच्या वयात दोन-तीन महिने थांबल्याने काही बिघडणार नाही, दोन-तीन वर्षे थांबल्याने बिघडेल. यजमानांना पिकअपच्या दिवशी आणि ट्रान्सफरच्या दिवशी बागेतून मोकळीक मिळेल असा महिना निवडा. तोपर्यंत क्षयरोगाची शंका आणि नलिकेतील पाणी या दोन्हींचा निकाल लावून घ्या. पहिल्या भेटीला येताना नलिकांच्या तपासणीची केवळ चिठ्ठी आणू नका, मूळ फिल्म आणा, कारण नलिका फुगलेली आहे का ते मला फिल्मवरच दिसेल.